क्रेन वगळून काढलेला समुद्र

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत निसर्गचित्रांचं प्रदर्शन लागलं की त्यात कोकण असतंच, आणि त्या कोकणातला बराचसा भाग रायगडच्या किनाऱ्यावरचा असतो. मुंबईहून जवळ, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. नारळी-पोफळीच्या वाड्या, सारवलेलं अंगण, ओहोटीला चिखलात कललेली होडी, रेवदंड्याच्या पडक्या तटाचा काळा दगड. हात तयार असतो यात शंका नाही. पाण्यावरची चमक कागद कोरा सोडून साधलेली असते, सावलीत काळा न घालता निळा-जांभळा खेळवलेला असतो, झाडाची पानं मोजत न बसता चार फटकाऱ्यांत झाड उभं केलेलं असतं. हे कुठून शिकलात विचारलं तर चित्रकार अभिमानानं सांगतो, इम्प्रेशनिस्टांकडून.

त्याच चित्रकाराबरोबर कधी स्पॉटवर जाऊन बसावं. समोर घर असतं, त्याच्या कौलांवर निळी पाण्याची टाकी असते, भिंतीतून एसीचं खोकं बाहेर आलेलं असतं, अंगणात पेव्हर ब्लॉक असतात, फाटकावर ‘एसी रूम, घरगुती जेवण’ अशी पाटी असते आणि फाटकाच्या आत पुण्याच्या किंवा ठाण्याच्या पासिंगची गाडी उभी असते. दोन तासांनी कागदावर उतरतं ते घर, कौलं, एक पेंढ्याचं उडवं (जे समोर नसतं) आणि घागर घेऊन चाललेली एक बाई (तीही नसते). बाकीचं का घेतलं नाही? ‘कंपोझिशनला आडवं येतं.’ एवढं कारण पुरतं. कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

माझी तक्रार नेमकी इथं आहे. इम्प्रेशनिस्टांचा कुंचला आपण घेतला. त्यांनी कुठं पाहिलं, काय पाहिलं आणि समोरचं काय चित्राबाहेर ढकललं नाही, हे मात्र घेतलं नाही. रायगडच्या किनाऱ्याच्या बाबतीत हे विशेष खटकतं, कारण त्या मंडळींनी ज्या प्रकारच्या जागेवर आपली सगळ्यात ताजी चित्रं केली, तशी जागा आज महाराष्ट्रात शोधायची झाली तर ती उरण ते मुरुड याच पट्ट्यात सापडते.

इम्प्रेशनिस्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं कमळं येतात. पण ज्या चित्रावरून या चळवळीला नाव मिळालं ते कमळांचं नाही. क्लोद मोनेचं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ हे १८७२चं चित्र ल आव्र या बंदराचं आहे. फ्रान्सचं मोठं व्यापारी बंदर, तेही त्या काळात वाढवलं जात असलेलं. पुढं दोन होड्या आणि नारिंगी सूर्य आहे, हे सगळ्यांना आठवतं. मागच्या निळसर धुक्यात काय आहे ते पाहायला लोक थांबत नाहीत: जहाजांच्या डोलकाठ्या, क्रेनचे हात, कारखान्यांच्या चिमण्या, त्यांचा धूर. त्या चित्रातलं धुकं सगळं निसर्गाचं नाही, त्यात कोळशाचा वाटा आहे. १८७४च्या एप्रिलमध्ये पॅरिसला नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत हे चित्र लागलं आणि लुई लरुआ नावाच्या टीकाकारानं त्याची टर उडवताना जो शब्द वापरला तोच पुढं सगळ्या मंडळींना चिकटला. चित्र घेतलं कुणी? एर्नेस्त ओशदे नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानं, ८०० फ्रँकला. चारच वर्षांत त्याचं दिवाळं वाजलं आणि लिलावात हेच चित्र २१० फ्रँकला गेलं. बंदराचं चित्र, पत्रकाराची टवाळी, व्यापाऱ्याची खरेदी, दिवाळखोरीचा लिलाव: इतकं शहरी चरित्र असलेल्या चित्राला आपण ‘निसर्गचित्र’ म्हणून शाळेत शिकवतो.

या मंडळींच्या डोळ्यांसमोर पॅरिस शहर फोडून पुन्हा बांधलं जात होतं. १८५३ ते १८७० या काळात ओस्मान या प्रशासकानं जुन्या गल्ल्या पाडून रुंद, सरळ रस्ते काढले, गरिबांना शहराच्या कडेला ढकललं आणि मध्यमवर्गाला फिरायला, मिरवायला, एकमेकांकडे बघायला जागा करून दिली. गुस्ताव कायबोतनं १८७७ साली पावसातला पॅरिसचा चौक काढला तो या नव्या रस्त्यांचा. सुमारे सात फूट उंच आणि नऊ फूट रुंद कॅनव्हास, ओल्या दगडी फरसबंदीवर छत्र्या घेऊन चाललेली माणसं, आणि कुणाचंच कुणाकडे लक्ष नाही. उजव्या कडेला एक माणूस चित्राच्या चौकटीनं अर्धा कापला आहे. त्याच साली मोनेनं सँ-लाझार स्टेशनची चित्रमालिका दाखवली. इंजिनाच्या वाफेसाठी त्यानं मनसोक्त रंग खर्च केला. याच मंडळींतल्या देगानं इस्त्री करणाऱ्या बायका काढल्या. त्यातली एक तोंड फाडून जांभई देते आहे, हातात बाटली आहे. एदुआर माने या मंडळींच्या प्रदर्शनांत कधी सामील झाला नाही, पण १८८२मध्ये त्यानं फोली-बेर्झेर या नाट्यगृहातल्या बारची जी मुलगी काढली तिच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तिच्यासमोर दारूच्या बाटल्या, संत्री, गुलाब मांडलेले. मागच्या आरशात सगळा गजबजाट. आणि चेहऱ्यावर दिवसभर उभं राहून, हसून, पैसे मोजून थकलेल्या माणसाचा कोरेपणा. माल विकणारी ती स्वतःही त्या मालात मोजली जाते आहे, हे मानेनं एक शब्द न बोलता सांगितलं.

हे शहरातलं झालं. मला ज्याचं जास्त कुतूहल आहे ते शहराच्या कडेचं.

आर्जंतॉय हे सेन नदीकाठचं गाव. पॅरिसहून तिथं १८५१मध्ये रेल्वे आली आणि सँ-लाझार स्टेशनहून ते पंधरा-वीस मिनिटांवर येऊन ठेपलं. द्राक्षमळे होते, शतावरीसारख्या अॅस्पॅरॅगसच्या कोंबांसाठी गाव प्रसिद्ध होतं. रेल्वे आल्यावर दोन गोष्टी एकदमच झाल्या. रविवारी पॅरिसकर शिडाच्या होड्या हाकायला यायला लागले, आणि कारखानेही आले. मोने तिथं १८७१च्या अखेरीस राहायला गेला आणि १८७८पर्यंत राहिला. माने, आणि त्याच्याच मंडळींतले रेन्वार, सिसली तिथं येऊन चित्रं करत. त्या चित्रांमध्ये पांढरी शिडं आणि कारखान्याची चिमणी शेजारी शेजारी, एकाच जातीच्या फटकाऱ्यांनी काढलेली दिसतात. जर्मनांशी झालेल्या युद्धात पडलेला रेल्वेचा पूल पुन्हा उभा राहिला तेव्हा मोनेनं त्याचं चित्र केलं: वर धूर सोडत गाडी चालली आहे, खालून होडी. पूल ‘कंपोझिशनला आडवा’ आला नाही, पुलावरच चित्र उभं राहिलं.

शहर म्हणजे काय हे शहराच्या पोटात जितकं कळतं त्यापेक्षा त्याच्या काठावर जास्त कळतं, असं या चित्रांवरून मला वाटतं. पोटात सगळेच शहरी असतात. काठावर शेतकरी आणि सहलीला आलेला कारकून, धोबीण आणि नौकाविहार करणारा शौकीन, मळा आणि कारखाना, असे एकमेकांना न ओळखणारे शेजारी एका चौकटीत येतात. दहा वर्षांनी जॉर्ज सरा या तरुण चित्रकारानं आन्येरच्या काठावर अंघोळीला बसलेली कामगार पोरं काढली, त्यांच्यामागं क्लिशीच्या चिमण्या ओळीनं उभ्या केल्या, आणि लगेच पुढच्या चित्रात समोरच्या बेटावरचे रविवारचे ठाकठीक कपड्यांतले लोक काढले. एकाच नदीचे हे दोन काठ.

आता आपला किनारा पाहू. मुंबईच्या गजबजाटापासून दूर, अशी अलिबागची जाहिरात चालते. दूर असण्याचं हे काम अलिबागला मुंबईनंच लावून दिलेलं आहे, आणि ते आजचं नाही. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी करणारी वेधशाळा होती. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हटल्यावर तिच्या नाजूक उपकरणांना त्याचा त्रास होणार हे उघड होतं. म्हणून १९०४ साली ही वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला आणली, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. म्हणजे अलिबागची शांतता ही मुंबईच्या ट्रामची दुसरी बाजू आहे. शहराला जे स्वतःत ठेवता येत नाही ते शहर इथं पाठवतं: आधी वेधशाळा, मग खताचा कारखाना, मग बंदर, मग स्वतःचे रविवार.

उलट दिशेची वाहतूक त्याहून जुनी. गिरणीत, गोदीत, घरगड्याच्या कामावर गेलेली माणसं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला यायची. १७ जुलै १९४७ला ‘रामदास’ बोट बुडाली ती याच वाटेवर. आषाढ संपून श्रावण लागायचा होता, अमावास्येला घरी पोहोचायला निघालेली सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं, त्या धामधुमीत देशानं या बातमीकडे फार पाहिलं नाही. किनाऱ्यावरच्या जुन्या घरांत मात्र ती आजही सांगितली जाते.

मग १९८४चा जानेवारी. न्हावा-शेवा बंदर आणि नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पाच जण मेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्याला परत, हे सूत्र त्या आंदोलनातून आलं. बंदर २६ मे १९८९ला सुरू झालं. आज उरणच्या बाजूला संध्याकाळी पाहिलं तर आगरी गावांच्या मागं क्रेनची रांग, त्यांच्यावरचे दिवे आणि रस्त्यावर मैलभर उभे असलेले कंटेनरचे ट्रेलर. अलिबागच्या वाटेवर धरमतरचा पूल ओलांडताना डोलवीच्या पोलाद कारखान्याचा पसारा दिसतो. थळला खतकारखाना आहे. १२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी शिवडीहून निघून २१.८ किलोमीटर धावणारा अटल सेतू खुला झाला आणि उरणला लोकलही पोहोचली. आर्जंतॉयला रेल्वे आणि पूल यायला जी मधली वर्षं गेली ती आपल्याकडे एका दिवसात उरकली.

गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचचं तर काय सांगावं. रविवारी चारनंतर मांडव्याच्या जेटीवर तासभर उभं राहिलं की एखाद्या चित्रकाराला वर्षभर पुरेल इतकं मिळतं. परतीची रांग. भाजलेले खांदे, ओल्या केसांतली वाळू, झोपलेलं पोर खांद्यावर टाकलेला बाप. एकीच्या हातात पांढऱ्या कांद्याची माळ, गड्डे पातीनं वेणीसारखे गुंफलेले. अलिबागच्या या कांद्याला आता भौगोलिक मानांकन आहे आणि मुंबईच्या फ्लॅटमध्ये तो आधी शोभेला टांगला जातो, नंतर खाल्ला जातो. बाजूला ताडगोळे सोलणारी बाई. तिचा अंगठा सालीत शिरतो आणि गोळा अखंड बाहेर येतो, मान वर न करता ती पैसे घेते. रो-रो बोटीच्या पोटात गाड्या शिरतात, एका गाडीच्या मागच्या काचेतून लॅब्रॅडॉर बाहेर बघत असतो आणि पुढं ड्रायव्हर, जो दोन दिवस बंगल्याच्या बाहेर गाडीतच झोपला होता. रिकामी पाटी घेऊन एक कोळीण याच गर्दीत उभी आहे. तिची उलटी फेरी, सकाळी मासे घेऊन गेली आणि आता परत आली. लाँच सुटली की सीगल मागं लागतात आणि वरच्या डेकवरून लोक त्यांना वेफर्स टाकतात. पांढऱ्या पंखांच्या त्या झुंबडीखाली डिझेलचा काळा धूर. पावसाळ्यात लाँच बंद, त्यामुळे हे सगळं आठ-नऊ महिन्यांचं.

यात देगाची चौकटीनं कापलेली माणसं आहेत, कायबोतचं एकमेकांकडे न बघणं आहे, रेन्वारची रविवारची चंगळ आहे. आणि मानेची बारवरची मुलगी? ती नागावात, वरसोलीत, काशीदला शोधावी. होमस्टेच्या काउंटरवर बसलेली, मोबाईलवर बुकिंग घेणारी, आतून भाकऱ्या थापून आलेली, पाहुण्यांना ‘थाळीत सुरमई आहे, पापलेट नाही’ हे दिवसात पन्नासदा सांगणारी घरधनीण. तिच्या मागं आरसा नसेल, पण फ्रीजची काच असते, आणि तीत पाहुणे दिसतात.

हे चित्र कुणी काढलं आहे का? माझ्या पाहण्यात नाही. का नाही, याची कारणं जुनी आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ची. तिथं ब्रिटिशांनी जे निसर्गचित्रण शिकवलं त्यात देशी दृश्य म्हणजे पडका किल्ला, घाट, देऊळ, वडाचं झाड, असं ठरून गेलं होतं. साहेबाला मायदेशी न्यायला तेच हवं होतं. त्या चौकटीतही अपवाद झाले. म. वि. धुरंधरांनी एस. एम. एडवर्ड्सच्या १९१२च्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकासाठी मुंबईच्या गल्लीबोळांतली माणसं काढली. धुरंधर शैलीनं इम्प्रेशनिस्ट नव्हेत, रेषेचे माणूस. पण नजर पाहावी तर रस्त्यावरची. उलट कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी कोटीतीर्थाच्या परिसरात उन्हाचे ठिपके असे टिपले की त्यांना पाहून आजही लोक मोनेचं नाव काढतात. त्यांच्याकडे प्रकाश आहे आणि शहर नाही. हे दोघं एका माणसात भेटले असते तर काय झालं असतं, हा माझा एक आवडता रिकामपणाचा विचार आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ऑस्ट्रियाहून वॉल्टर लँगहॅमर मुंबईत आले, ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक झाले, आणि त्यांच्या मोकळ्या रंगलेपनाचा तरुण चित्रकारांवर परिणाम झाला. सय्यद हैदर रझा तेव्हा जलरंगांत मुंबईचे रस्ते रंगवत होते. ही वाट पुढं जाईल असं वाटत होतं. पण रझा फ्रान्सला गेले, त्यांच्या पिढीचं लक्ष आकारांकडे, अमूर्ताकडे वळलं, आणि उन्हातलं रस्त्यावरचं चित्र ‘रिअॅलिस्टिक’ म्हणून खालच्या पायरीवर गेलं. मागं राहिले ते प्रकाश-सावलीचे कुशल कारागीर, आणि त्यांना गिऱ्हाईक मिळालं ते नारळाच्या झाडाला. त्यांना मी दोष देत नाही. चित्रावर घर चालवायचं असतं.

मराठी चित्रकारांत आधुनिक शहर खऱ्या अर्थानं कुणी पाहिलं असेल तर ते सुधीर पटवर्धनांनी. ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम करता करता त्यांनी लोकलमधली, इराण्याकडची, चाळीतली माणसं काढली. ‘इराणी रेस्टॉरंट’ १९७७चं, ‘लोअर परळ’ २००१चं. मधल्या काळात गिरण्या गेल्या आणि टॉवर आले, ते सगळं त्यांच्या कॅनव्हासवर आहे. त्यांची माणसं जड, घट्ट, हाडामांसाची. मोनेच्या हवेशीर फटकाऱ्यांशी त्यांचं नातं दूरचं. आणि तरी त्यांनाच मी इम्प्रेशनिस्टांचे खरे वारस म्हणेन, जहांगीरमधल्या पन्नास लखलखीत जलरंगांपेक्षा आधी. समोर जे उभं आहे ते त्यांनी चित्रातून हाकललं नाही.

कुणी म्हणेल, चित्रात काय घ्यावं आणि काय गाळावं हा चित्रकाराचा हक्क आहे. तुम्हाला एसीचं खोकं पाहायचं असेल तर फोटो काढा. हक्क मान्य. पण गाळलेलं चित्र भिंतीवर गप्प बसत नाही, कामाला लागतं. वडखळ सोडून अलिबागकडे वळलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटच्या जाहिरातींचे फलक लागतात. त्यांच्यावर काय असतं? कौलारू घर, नारळ, निळं पाणी, मावळता सूर्य, एकही माणूस नाही. आपलंच निसर्गचित्र, फक्त कॉम्प्युटरवर काढलेलं आणि खाली प्रति गुंठा भाव. शंभर वर्षं आपण किनाऱ्याचं जे रिकामं, अस्पर्श रूप रंगवत आलो तेच आज त्याला विकायला कामी येतं. तिथं खारेपाट आहे, त्याला बांध आहेत, बांधांना उघाड्या आहेत, त्या मोडल्या की खारं पाणी भातात शिरतं, यातलं काही त्या फलकावर दिसत नाही आणि आपल्या चित्रातही नाही. रिकामी दिसणारी जमीन घ्यायला कुणालाच संकोच वाटत नाही.

ती जमीन रिकामी कधीच नव्हती. याच अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांची शेतं कसायला नकार दिला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली. घरची भांडी विकून, जंगलातली लाकडं आणून त्यांनी दिवस काढले, आणि पुढच्या कूळकायद्यांची वाट त्या संपानं करून दिली. त्या कुळांचे नातू आज गुंठे विकतात. विकू नका हे त्यांना सांगणारे आपण कोण. भातात काय मिळतं ते त्यांना ठाऊक आहे. पण आजोबांनी उपाशी राहून टिकवलेली जमीन नातू विकतो, त्या पैशातून इनोव्हा घेतो आणि ती पर्यटकांना भाड्यानं लावतो, ही गोष्ट चित्रात यायच्या लायकीची नाही असं ज्याला वाटतं त्याच्या सौंदर्यदृष्टीवर माझा विश्वास नाही.

अर्थात इम्प्रेशनिस्टांना संत करायचं कारण नाही. १८७१च्या मे महिन्यात पॅरिस कम्यूनच्या उठावातल्या हजारो माणसांना सरकारी सैन्यानं रस्त्यांवर गोळ्या घातल्या. तीन वर्षांनी त्याच शहरात भरलेल्या त्यांच्या पहिल्या प्रदर्शनात याची खूण जवळजवळ नाही. मानेची एखाद-दोन लिथोग्राफं सोडली तर या मंडळींनी त्या रक्तावरून नजर फिरवली. आर्जंतॉयच्या चिमण्या मोनेनं काढल्या, त्यांच्या खाली राबणारी माणसं फारशी काढली नाहीत. कायबोतनं फरशीची लाकडं तासणारे कामगार १८७५मध्ये उघड्या अंगानं काढले तर सरकारी प्रदर्शनानं ते चित्र नाकारलं. इतरांनी असा प्रयत्न क्वचितच केला.

मोनेचं पुढचं चरित्र तर आपल्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही बंगलेवाल्याला ओळखीचं वाटेल. आर्जंतॉयला कारखाने वाढले, पॅरिसच्या गटारांनी नदी नासली, तशी त्याची चित्रं हळूहळू स्वतःच्या बागेच्या भिंतीआड गेली आणि मग तो गावच सोडून गेला. १८८३मध्ये झिवेर्नीला घर भाड्यानं घेतलं, १८९०मध्ये विकत घेतलं, १८९३मध्ये लगतची जमीन घेऊन ओढ्याचं पाणी वळवून तळं करायचं काढलं. गावकऱ्यांनी हरकत घेतली: या परक्या झाडांनी पाणी बाधेल, आमच्या गुरांचं काय? मोने चिडला, वर अर्ज केले, परवानगी मिळवली. ज्या कमळांपुढं आपण आज डोळे मिटतो ती बाहेरून आलेल्या एका बंगलेवाल्यानं गावाशी भांडून मिळवलेल्या पाण्यात फुललेली आहेत. मला ती चित्रं आवडतात. तरी किनाऱ्यावरच्या नवशिक्या चित्रकारानं मोनेचं कुठलं वय गिरवायचं हे ठरवताना झिवेर्नीच्या आधी आर्जंतॉय आहे एवढं लक्षात ठेवावं.

याच मंडळींतल्या बर्त मोरिझोकडून घेण्यासारखं मात्र बरंच आहे. तिच्या वर्गातल्या बाईला कॅफेत, बारमध्ये एकटीनं बसण्याची सोय नव्हती. म्हणून तिनं सज्जातून, खिडकीतून, बागेच्या कठड्याआतून आधुनिक जग पाहिलं. १८७५मध्ये तिनं जेनव्हिलिएला वाळत घातलेले कपडे काढले आणि तीनचार वर्षांनी आपल्या मुलीला अंगावर पाजणारी दाई काढली. ते चित्र आईपणाचं म्हणून पाहायला गेलं तर फसायला होतं. एक बाई पगारावर दूध देते आहे आणि दुसरी बाई, मुलीची आई, ते रंगवून आपलं काम करते आहे. किनाऱ्यावरच्या बंगल्यांत केअरटेकरची बायको सोमवारी पंधरा-पंधरा चादरी धुवून वाडीत दोरीवर टाकते. नारळांच्या सावल्या त्या पांढऱ्या कापडांवर पडतात तेव्हा प्रकाशाचा अभ्यास म्हणूनही याहून चांगला विषय मिळायचा नाही. हे चित्र आत राहणाऱ्याला दिसतं, शनिवारी येऊन रविवारी जाणाऱ्याला नाही.

म्हणून मला आशा आहे ती बाहेरून येणाऱ्यांपेक्षा इथल्याच पोरांकडून. पेण-हमरापूरला घरोघर गणपतीचे कारखाने आहेत. सोंडेचं वळण आणि डोळ्यांची आखणी जाणणारे हात तिथं पिढ्यान्‌पिढ्या तयार होतात, आणि त्यांचा मालही शेवटी मुंबईकडेच जातो. त्यातली काही मुलं कलाशाळेत जातात, डिप्लोमा करतात. दुर्दैव असं की तिथं जाऊन तीही तेच कौलारू घर काढायला शिकतात, जे त्यांच्या बापानं पाडून वर स्लॅब टाकला.

राहिले बाहेरून येणारे. त्यांचाही एक विषय पडून आहे. १८७४च्या उन्हाळ्यात मानेनं आर्जंतॉयला मोनेचंच चित्र काढलं: मोने आपल्या होडीतल्या स्टुडिओत बसून नदी रंगवतो आहे, मागं त्याची बायको, आणि पलीकडच्या काठावर चिमण्या. चित्रकार स्वतः त्या दृश्याचा भाग असतो, रविवारच्या पाहुण्यांतलाच एक असतो, हे मानेला दिसलं आणि त्यानं लपवलं नाही. आपल्याकडे दर हिवाळ्यात चित्रकारांचे गट अलिबाग, चौल, रेवदंड्याला आउटडोअरसाठी उतरतात. होमस्टे बुक करतात, सकाळचे पोहे खातात, वाडीत स्टुलं मांडतात, आणि बसण्याआधी समोर उभी असलेली आपलीच गाडी कुणाला तरी सांगून चौकटीबाहेर नेऊन लावतात. पुढच्या खेपेला ती तिथंच राहू द्यावी.